खालचं मॉडेल

“वाच,” मी म्हणालो.

शालनने पुस्तिका चेहऱ्यासमोर धरली. शेजारची सीट पार मागे पाडलेली होती आणि ती तिच्यावर उताणी पडली होती. उशी म्हणून मानेखाली माझा स्वेटर होता.

“वाहन-माहितीपुस्तिका. दाखल क्रमांक एक.”

“अक्षरं सरळ आहेत?”

“तुमचं अक्षर आहे ते. वाकडं कशाला असेल?”

“चेष्टा नको. सरळ आहेत का?”

“सरळ आहेत हो. पुढे बघून चालवा.”

पाली मागे पडली होती. सकाळचे सव्वादहा झाले होते. रत्नागिरीहून आम्ही साडेनऊला निघालो होतो आणि दोनच्या आत कोल्हापूर गाठायचं होतं.

आदल्या संध्याकाळी तांदूळ निवडताना शालनच्या डोळ्यात विजा चमकल्या होत्या. सकाळी उठली तेव्हा खालच्या बाजूला काळी सावली होती, माठाच्या तळाशी गाळ बसावा तशी. देवरुखहून आम्ही तडक रत्नागिरीला डॉ. मुळ्ये बाईंकडे गेलो. त्यांनी बराच वेळ दिवा लावून तपासलं आणि मग मला बाहेर बोलावलं.

“आतला पडदा वरून सुटत चाललाय. म्हणून त्यांना सावली खालून दिसते. ज्या मधल्या भागाने आपण वाचतो, माणूस ओळखतो, तो अजून चिकटलेला आहे. तो सुटायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. कोल्हापूरला डॉ. शिरगावकरांशी मी बोललेय. दोनपर्यंत पोहोचलात तर ते आजच घेतील. त्यानंतर ते परगावी जाणार आहेत.” आणि मग हळूच, “दुसरा डोळा कधीपासून नाही?”

“सातव्या वर्षापासून. विटी लागली होती.”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. “कशाने जाल? गचके बसता कामा नयेत. आडवं झोपवून न्या. आणि वाटेत अधूनमधून काहीतरी वाचायला द्या. अक्षरं सरळ दिसतायत तोवर काळजी नाही.”

“आमची विजेची गाडी आहे,” मी म्हणालो. “आवाज नाही, गचका नाही.”

हे सांगताना मला थोडा अभिमान वाटला होता. तो नीट लक्षात आहे. बाकीच्या कितीतरी गोष्टींबद्दल मला आता खात्री देता येत नाही.

वाचायला म्हणून गाडीत ती पुस्तिका तेवढीच होती. देवरुखच्या वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावरही हात थांबत नसत. गाडी घरी आली त्या दिवशी मी तिच्या पुस्तिकेला खाकी कव्हर घातलं, दोऱ्याने टाचली, पाठीवर पांढरी चिठ्ठी लावून बोरूने नाव लिहिलं. शालन हसून म्हणाली होती, “दाखल क्रमांक दोन कुठला? घरात दुसरी गाडी येणार आहे का?”

साखरप्याच्या अलीकडे मी पहिल्यांदा आकड्याकडे नीट पाहिलं. निघताना काट्यावर सहासष्ट टक्के होते. आता पस्तीस होते.

मी मनात पुन्हा हिशेब मांडला. पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे एवढ्या अंतराला वीस टक्के जायला हवे होते. एकतीस गेले होते.

“काय झालं?” शालनने विचारलं. तिला माझा चेहरा दिसत होता.

“काही नाही. जरा जास्त जळतंय.”

“जळतंय?”

“म्हणजे खर्च होतंय. घाट चढला की वर हॉटेलात चार्जिंगचं मोठं मशीन आहे. पुस्तिकेत दिलंय, पाऊण तासात ऐंशी टक्के. मग काही प्रश्न नाही.”

“तुम्ही वाचलंय ना?”

“दोनदा.”

“मग झालं,” ती म्हणाली आणि डोळे मिटले.

“मिटू नकोस. सावली कुठवर आहे?”

तिने डोळा उघडला. “माझे गुडघे दिसत नाहीत. समोरच्या कप्प्याचं झाकण दिसत नाही. तुमचे हात अर्धे दिसतात. चाक वरून दिसतंय, खालून नाही.”

आंबा घाटाची चढण सुरू झाली आणि गाडीने मान टाकली. मी पाय पूर्ण दाबून धरला तरी ती बैलगाडीसारखी चढत होती. मागे एक ट्रक लागला आणि त्याने भोंगा सुरू केला. मला माणसं मागे खोळंबली की घाम फुटतो. वाचनालयाच्या खिडकीपाशी रांग लागली की तेव्हाही फुटायचा.

“जाऊ द्या त्याला पुढे,” शालन म्हणाली.

“जागा कुठे आहे?”

तिसऱ्या वळणावर ट्रकच्याही मागून एक गाडी आली आणि आम्हा दोघांना ओलांडून सुळकन वर निघून गेली. तीच गाडी. तोच निळा रंग, तोच आकार, आवाज न करता. जणू आमचीच गाडी आमच्या अंगातून निघून पुढे गेली.

“काय गेलं?” शालनने विचारलं.

“गाडी. आपल्यासारखीच.”

“मग ती कशी गेली?”

शोरूममध्ये आम्ही फेरी मारली होती ती गाडीही अशीच चपळ होती. विकणाऱ्या मुलाने सांगितलं होतं, “काका, ही वरच्या मॉडेलची. पण खालची घ्या, दोन्ही सारख्याच. वरच्याला फक्त छपराला काच आणि सीटला कातडं.” मला आणखी दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पण माझ्या मागे एक कुटुंब येऊन उभं राहिलं आणि मी सही केली. गाडी घरी आणल्यावर शालन एकदाच म्हणाली होती, “ती त्या दिवशीची जरा तरतरीत होती, नाही?” मी म्हणालो होतो, “वाटतं तसं.”

घाटमाथ्यावर पोहोचलो तेव्हा काट्यावर चौदा होते आणि समोर पडद्यावर चार्ज संपत आल्याची खूण, एक पिवळं कासव, उमटलं होतं. हॉटेलच्या आवारात वळलो तेव्हा बारा. घड्याळातही बारा वाजायला आले होते.

“वाच,” मी म्हणालो.

“वाहन-माहितीपुस्तिका. दाखल क्रमांक एक. सरळ आहे. सावली तुमच्या खांद्यावर आलीय.”

गाडी मी जांभळाखाली सावलीत लावली. मशीन पंचवीस-तीस पावलांवर होतं, पत्र्याच्या छपराखाली, आणि त्याला ती निळी गाडी लागलेली होती. मशीन घुमत होतं. गाडीजवळ तिशी-पस्तिशीचा एक माणूस उभा राहून वडापाव खात होता. पुढच्या सीटवर त्याची आई बसली होती, डोक्यावर पदर, हातात चहाचा पेला.

“या काका,” तो लांबूनच म्हणाला. “घाटात तुम्हीच होता न्हवं? त्या ट्रकवाल्यानं लई पिडलं तुम्हाला. लावायची हाय का? माझं होत आलंय. तुम्हाला घाई असंल तर आधी लावा.”

“उपकार होतील,” मी म्हणालो. “घाई आहे.”

“उपकार कसलं? मी सुजय. कोल्हापूरचाच. आईला माहेरला लांज्याला नेलं होतं. थांबा, झाकण उघडतो तुमचं.”

तो जांभळाकडे यायला निघाला. शालन आत पडलेली होती, खिडकी बंद. त्याने गाडीच्या डाव्या कुशीतलं झाकण उघडलं आणि खाली वाकून पाहिलं.

“अगं आई गं,” तो हळूच म्हणाला.

“काय झालं?”

“काका, ही खालची हाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. पण माझी वरची. तुमच्यात बॅटरी छोटी, मोटर हलकी. ते चालतंय की, आमच्या भावजीकडं पण खालचीच हाय. गावात फिरायला झकास. पण हे बघा.” त्याने बोट दाखवलं. “वरचं गोल भोक तेवढं हाय. घरच्या प्लगाचं. त्याच्याखाली दोन मोठी भोकं पाहिजेत, ती तुमच्यात न्हाईत. तिथं रबरी बूच बसवलंय.”

“ते बूच निघत नाही का?”

तो माझ्याकडे बघत राहिला. “निघंल की. आत काही न्हाई, काका.”

मी गाडीचं दार उघडलं आणि शालनच्या हातातून पुस्तिका घेतली. “एक मिनिट,” म्हणालो. छपराच्या मागे जाऊन मी ती उघडली. तक्ता होता, पान अकरा. जलद चार्जिंग, पाऊण तास. मी तो दोनदा वाचला होता. आणि मग मी पुस्तिका उलटी केली.

शेवटच्या पानाच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली होती. बोटभर रुंद, वीतभर लांब, चारी बाजूंनी सारखं अंतर सोडून. ती मीच चिकटवली होती. पुस्तकासोबत सुटा कागद आला की तो हरवण्याआधी शेवटच्या पानावर डिंकाने लावायचा, हा वाचनालयाचा रिवाज. एकतीस वर्षांत मी असे शेकडो कागद लावले असतील. ते वाचायचे असतात असं नाही. ते राहायला हवेत, एवढंच आमचं काम.

चिठ्ठीवर लिहिलं होतं की पुस्तिकेतले तक्ते वरच्या प्रकारच्या गाडीचे आहेत. खालच्या प्रकारात एका चार्जिंगमध्ये जाणारं अंतर सुमारे एक तृतीयांश कमी धरावं. चढावर ओढ कमी राहील. आणि खालच्या प्रकारास जलद चार्जिंगची सोय नाही.

मी किती वेळ तिथे उभा होतो माहीत नाही. फार नसेन. परत आलो तेव्हा शालनने खिडकीची काच अर्धी खाली केली होती.

“काय म्हणतायत? लावलं का?”

“मशीन बंद आहे,” मी म्हणालो.

“बंद?”

“बंद पडलंय. सकाळपासून.”

“मग आता?”

“साध्या प्लगवर लावतो. थोडा वेळ लागेल.”

“किती?”

“बघतो.”

हॉटेलवाल्या बाईंनी वाटणाच्या यंत्राचा जाड प्लग काढून मला दिला. मी आमची वायर खिडकीतून ओढून लावली. पडद्यावर हिरवी रेघ आली आणि खाली आकडा : कोल्हापूरला पुरेल एवढं व्हायला दोन तास पस्तीस मिनिटं.

“एखादी जीप मिळेल का, विचारा ना,” शालन म्हणाली.

मी गल्ल्याकडे गेलो. तिथे चार-पाच माणसं हिशेब द्यायला उभी होती. मी त्यांच्या मागे थांबलो. माझी पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या, “जीप कुठली आता, दादा? मलकापूरचा बाजार आज. समद्या तिकडंच. चारला परत येतील.” मी रुग्णवाहिकेला फोन लावला. त्यांची गाडी एका बाळंतिणीला घेऊन गेली होती. दीड-दोन तास, ते म्हणाले. मी ‘बरं’ म्हणालो.

मी गाडीपाशी परतलो तोच सुजय आला. मी दोन पावलं पुढे होऊन त्याला गाडीच्या मागेच अडवलं.

“काका, काकू आडव्या का झाल्यात? काही होतंय का?”

आता सांगायचं, एवढंच होतं. हिचा एकच डोळा आहे, तो जातोय, तू तासाभरात कोल्हापूरला पोहोचशील, हिला घेऊन जा. तीन वाक्यं. मी ती मनात जुळवली. पण त्याने दार उघडलं असतं आणि शालनला सांगितलं असतं, तो गप्प बसणारा माणूस नव्हता : काकू, तुमच्या गाडीला ते मशीन लागतच न्हाई. त्याच्या गाडीला मशीन लागलेलं तिने पाहिलं असतं. आणि मी दोन मिनिटांपूर्वीच तिला सांगितलं होतं की मशीन बंद आहे.

“डोकं दुखतंय जरा,” मी म्हणालो. “घाट लागला.”

“लिंबू देऊ का? आईकडं हाय.”

“नको. पडून राहिली की बरं वाटेल.”

“काही लागलं तर सांगा. मी अर्ध्या तासात निघतोय. मागची सीट मोकळीच हाय.”

“हो,” मी म्हणालो.

तो अर्धा तास मी गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिलो. काढला. याहून चांगला शब्द मला सुचत नाही. अडीच तासांनी निघालो तर साडेचार होतील, हे मला कळत होतं. तरी मी स्वतःला सांगत होतो की डॉक्टर थांबतीलही. डॉक्टर लोक वेळ नेहमी अलीकडची सांगतात. सावली सकाळपासून हळूहळूच चढतेय. पुस्तकात वाचलं होतं की काहींची दोन-दोन दिवस थांबते. मला कशासाठीही एखादं पुस्तक सापडतं.

“अहो,” शालनने हाक मारली.

“काय?”

“तो कोण माणूस बोलत होता?”

“कोणी नाही. वाटसरू.”

“कुठे चाललाय?”

“विचारलं नाही.”

मी वाचायला सांगितलं. तिने वाचलं. सरळ होतं. “सावली तुमच्या हनुवटीला लागलीय,” ती म्हणाली. “दाढी वाढल्यासारखे दिसताय.”

पाऊण वाजता सुजय मशीनची वायर जागेवर अडकवून परत आला. आईने खिडकीतून लिंबू पुढे केलं होतं, ते त्याने माझ्या हातात दिलं.

“मग? निघू का, काका?”

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मिशीला चटणी लागलेली होती. तो खरंच थांबला होता. नुसतं विचारायचं म्हणून विचारणारा माणूस असा थांबत नाही. मी तोंड उघडलं.

“या,” मी म्हणालो. “सांभाळून जा.”

निळी गाडी आवाराबाहेर पडली, डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. मशीनचं घुमणं थांबलं. जांभळावर एक पक्षी इतका वेळ ओरडत होता, तो मला तेव्हा ऐकू आला.

सव्वा वाजता शालनने पुस्तिका डोळ्यासमोर धरली आणि वाचलं नाही.

“काय झालं?”

“थांबा.” तिने ती जवळ धरली, मग लांब धरली. “‘वाहन’ दिसतंय. पुढचं पाण्यात पडल्यासारखं हलतंय. ‘पुस्तिका’ वाकलीय.”

“वाकलीय म्हणजे?”

“खाली ओघळलीय. तुमचं अक्षर असं नाही.” तिचा आवाज अगदी शांत होता. “अहो, तुमचं तोंड कुठे आहे?”

मी रस्त्यावर धावलो. आयुष्यात मी अनोळखी माणसाला हात करून थांबवलेलं नाही. त्या दिवशी मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिलो. एक ट्रक मला चुकवून शिव्या देत गेला. बाजाराहून येणारी एक जीप थांबली, पण ती उलट्या दिशेने चालली होती आणि तिच्यात बायका, टोपल्या आणि दोन बोकड होते. “डोळा,” मी ओरडत होतो, “बायकोचा डोळा.” चालकाने कानाला हात लावला. “काय गोळा?” त्याने विचारलं आणि मागचे हसले. मी समजावून सांगेपर्यंत मागून आलेल्या गाडीने भोंगा दिला आणि तो गेला. मग बराच वेळ कोणी आलं नाही. डांबर तापून त्यावर पाणी साचल्यासारखं दिसत होतं. मी ज्या दिशेने सुजय गेला त्या दिशेने थोडा धावलो. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. तो एव्हाना बांबवड्याच्या पुढे गेला असेल. चप्पल निसटली तेव्हा मी थांबलो.

परत आलो तेव्हा हॉटेलवाल्या बाई शालनजवळ उभ्या होत्या. “दादा, आधी बोलायचं न्हाई का?” त्या म्हणाल्या. “तो निळ्या गाडीवाला रिकामाच गेला की.”

मी शालनकडे पाहिलं नाही. मी प्लग ओढून काढला. बावीस टक्के झाले होते.

त्यानंतरचा रस्ता मला तुकड्या-तुकड्यांत आठवतो. एसी बंद करून, खिडक्या उघड्या ठेवून, ताशी पस्तीसने. सावली कुठवर आली हे शालनने आता सांगायचं बंद केलं होतं, मीही वाचायला सांगितलं नाही. मलकापुरात एका गॅरेजमध्ये पाऊण तास प्लग लावला. रंकाळ्यापाशी पुन्हा ते कासव उमटलं. हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

डॉ. शिरगावकर तीनला गेले होते. एक तास वाट पाहून, तिथली नर्स म्हणाली. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांनी तपासलं.

“मध्य सुटलाय. उद्या सकाळी करू. पडदा आम्ही बसवू, पण बारीक नजरेचं मी काही सांगत नाही. अक्षरं कधी वाकली?”

“सव्वाला,” मी म्हणालो.

“दोनला आला असतात तर…” ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून उरलेलं वाक्य सोडून दिलं.

पडदा बसला. शालनला उजेड दिसतो. दार उघडं आहे की मिटलेलं, माणूस उभा आहे की बसलेला, ताटात भात कुठे आणि आमटी कुठे, हे तिला दिसतं. अक्षर दिसत नाही. चेहरा दिसत नाही. सगळ्यांना मी सांगितलं की मशीन बंद होतं. माझ्या पुतण्याने त्या मशीनवाल्यांच्या नावाने बोटं मोडली आणि तक्रारीचं एक लांबलचक पत्रही लिहायला घेतलं. मी त्याला म्हणालो, राहू दे, काय उपयोग.

गेली पाच वर्षं मी तिला रोज संध्याकाळी वाचून दाखवतो. पडवीत खुर्च्या टाकून. प्रवासवर्णनं, चरित्रं, वर्तमानपत्र, तिला आवडतात त्या पाककृतीसुद्धा.

गेल्या महिन्यात गाडी विकली. माझ्याने आता चालवत नाही. घेणारा संगमेश्वरचा कदम म्हणून एक पंप दुरुस्त करणारा माणूस होता. तो अंगणात गाडीभोवती फिरत होता आणि मी आतून कागदपत्रं आणून टेबलावर ठेवली. शालन पडवीत बसली होती. तिने ढिगातून चाचपडत नेमकी ती पुस्तिका उचलली.

“हिलाच खाकी कव्हर आहे,” ती म्हणाली. “हीपण द्यायची?”

“द्यायला हवी. गाडीची आहे.”

तिने ती मांडीवर घेतली, पानांवरून हात फिरवला, तसाच शेवटपर्यंत. शेवटच्या पानाशी बोटं थांबली.

“हे काय चिकटवलंय?”

“चिठ्ठी आहे. गाडीबरोबर आली होती.”

“वाचा.”

“काही नाही, कंपनीचं…”

“वाचा ना. रोज वाचता.”

मी वाचलं. चारच वाक्यं होती. शेवटचं वाचताना माझा आवाज फुटला नाही, याचं मला नवल वाटलं. वाचून दाखवायची सवय झालेली असते.

अंगणात कदमने दार उघडून मिटलं.

“त्या दिवशी मशीन घुमत होतं,” ती म्हणाली. “पिठाच्या गिरणीसारखं. म्हणून तर मी काच खाली केली होती. तो गेल्यावर थांबलं.”

“तुला माहीत होतं.”

“बंद आहे म्हणालात तेव्हाच. का म्हणालात, ते आज कळलं.”

“मग तू का नाही बोललीस? त्याला हाक मारायची होतीस.”

“तुम्ही विचाराल म्हणून थांबले.” ती पुस्तिकेच्या पानावरून बोट फिरवत होती. “तो दोनदा आला. पहिल्यांदा वाटलं, आता विचारतील. दुसऱ्यांदा वाटलं, आता तरी. मी हाक मारली असती तर तुम्ही त्याच्यासमोर खोटे पडला असतात. ते मला बघवलं नसतं.”

हे ती साधेपणाने म्हणाली. मी खाली बसलो.

तिने नखाने चिठ्ठीच्या चारी कडा चाचपल्या, एकेक कोपरा, सावकाश. “कुठे सुटली नाही,” ती म्हणाली. “चांगली लावलीत.”

मग पुस्तिका मिटून तिने माझ्यापुढे धरली.

“जा, त्या माणसाला सांगा. त्याला वाचायला देऊ नका. तोंडाने सांगा.”

मी अंगणात गेलो. कदम बॉनेट पुसत होता.

“एक सांगायचं राहिलं,” मी म्हणालो. “ही खालची आहे. हिला ते मोठं मशीन चालत नाही. घाटात ओढत नाही. लांब कुणाला घेऊन निघू नका हिच्यात.”

“माहीत आहे, काका,” तो म्हणाला. “आल्या आल्या झाकण उघडून बघितलं मी. मला आपलं गावातल्या गावात.”

“तरी सांगतो.”

“बरं.”

पडवीत शालन माझ्या दिशेला मान करून बसली होती. मी तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने.